छापा पडला!

संशय घेण्याच्या कामात अख्ख्या बालाघाटात माझा हात धरणारा माणूस नाही! हे मी नाही म्हणत, बाजारातले दुकानदार म्हणतात. चिन्नोर तांदूळ घ्यायचा तर पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळचा दाणा वर काढल्याशिवाय मी पिशवी उघडत नाही. नारळ कानाशी हलवताना माझा चेहरा असा होतो, की नारळसुद्धा निमूटपणे खरं काय ते सांगून टाकतो. ऑफिसात कुणी 'पोट दुखत असल्याने' रजेचा अर्ज दिला की साहेब तो आधी माझ्याकडे पाठवतात. मी फक्त अक्षर पाहतो. ज्याचं पोट दुखतं तो माणूस वेलांट्या इतक्या प्रेमानं काढत नाही!

तर असा मी, गुणाकर पांढरीपांडे, वय वर्षं बावन्न. एका सरकारी खात्यात पावसाचे आकडे सांभाळतो. कुठल्या गावात किती पाऊस पडला ते गावोगावाहून कळवतात, मी ते गोळा करतो आणि भोपाळला पाठवतो. पावसावरही माझा पूर्ण भरवसा नाही, पण त्याला समोर बसवून विचारता येत नाही.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाशी साहेबांनी जाहीर केलं, की ऑफिसात नवी कॉम्प्युटरची खोली होणार, तिथं ए.सी. लागणार, आणि जो कोणी कॉलेजचा सांख्यिकीचा कोर्स पास होईल त्याला त्या खोलीत खुर्ची मिळणार. बालाघाटच्या मे महिन्यात ए.सी.खालची खुर्ची! म्हणजे सासऱ्यानं आपणहून घरी येऊन लग्नातल्या मानपानाबद्दल माफी मागावी, तसा प्रकार. मी त्याच दिवशी फी भरली. नोकरदारांसाठी शनिवार-रविवार सकाळी वर्ग, तीन महिन्यांचा कोर्स, शेवटी प्रमाणपत्र.

"पन्नाशी उलटल्यावर कॉलेजात?" आमच्या सौभाग्यवती सुनंदानं पोळी तव्यावर टाकता टाकता विचारलं. "काहून? घरी करमून नाही राह्यलं काय?"

"अगं, आकडे म्हणजे माझ्या हातचा मळ! मी तिथं शिकायला नाही, त्यांना चार गोष्टी शिकवायलाच चाललो समज."

आमची मुलगी मधुवंती त्याच कॉलेजात बी.एस्सी.ला आहे. तिनं हात जोडले. "बाबा, देवश्री मॅडम आम्हालेही शिकवतात. प्लीज, मागच्या बेंचवर बसा. अन् मॅडमवर डाउट घेऊ नका!"

"मी डाउट घेत नाही, विचारतो," मी म्हणालो.

देवश्री मॅडम तिशीच्या आतबाहेरच्या, बारीक चणीच्या, आवाज कधी चढवत नाहीत. मला अशा माणसांचा फार संशय येतो. पहिल्या दिवशी त्यांनी सरासरी शिकवली तेव्हा मी हात वर केला. "मॅडम, बालाघाट आणि बैहर मिळून सरासरी पाऊस चांगला पडला म्हटलं, तर बैहरच्या पावसात बालाघाटचा माणूस भिजतो काय?" वर्गात हशा झाला. मॅडम मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "फार चांगला प्रश्न आहे, गुणाकरजी." मी कॉलर ताठ केली. वर्गातला सगळ्यात हुशार विद्यार्थी कोण हे ठरून गेलं होतं!

दुसऱ्या आठवड्यात मॅडमनी गृहपाठ दिला. घरी जाऊन एक नाणं दोनशे वेळा उडवायचं आणि छापा की काटा ते ओळीनं लिहून आणायचं.

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच. पण खरंखुरं उडवायचं."

हे 'खरंखुरं' म्हणताना त्या माझ्याकडे पाहत होत्या असं मला वाटलं. मीही त्यांच्याकडे पाहिलं.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी दिवाणावर मांडी ठोकली. नाणं उडवायचं, तळहातावर झेलायचं, लिहायचं. 'छा', 'का', 'का', 'छा'. सोपं वाटतं ना? करून पाहा! विसाव्या वेळेला अंगठा कुरकुरायला लागला, पन्नासाव्याला नाणं फ्रिजखाली गेलं. मी झाडूची काडी घेऊन पालथा पडलो असताना सुनंदा खोलीत आली.

"हे काय चालू आहे?"

"नाणं उडवतोय."

"कायच्यासाठी?"

"ठरवायला, छापा का काटा."

ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मी सकाळी विचारलं, गोंदियाले ताईकडे चार दिवस जाऊ काय. तुम्ही म्हणाले, पाहतो. हे पाहून राह्यले तुम्ही? नाणं उडवून?"

"अगं, तसं नाही..."

"अन् काय निघालं?"

"आत्तापर्यंत काटे जास्त आहेत."

हे मी बोलायला नको होतं. काटे जास्त म्हणजे नकार, असा तिनं अर्थ लावला आणि संध्याकाळचा चहा आमच्या घरी झाला नाही.

मी मात्र प्रामाणिकपणे नाणं उडवत राहिलो. आणि दीडशेच्या पुढे एक विचित्र गोष्ट घडली. छापा आला. पुन्हा छापा. पुन्हा छापा. चौथा छापा, पाचवा छापा! मी नाणं उजेडात धरून पाहिलं. दोन्ही बाजू जिथल्या तिथं होत्या. नाणं धुतलं, पुसलं, उडवलं. छापा! मी खोलीतल्या खोलीत जागा बदलली, तोंड पूर्वेला केलं, डाव्या हातानं उडवलं. छापा! छापा! छापा! सलग नऊ!

आता तुम्हीच सांगा, हे कागदावर पाहून कुणाचा विश्वास बसेल? माझ्यासमोर कुणी असा कागद आणला असता तर मी त्याला उभ्या उभ्या घरी पाठवलं असतं. नऊ छापे ओळीनं! मॅडम म्हणणार, गुणाकरजींनी कंटाळून 'छा छा छा छा' असं नुसतं गिरवलं. वर्गातला सगळ्यात हुशार विद्यार्थी, आणि हे काम?

मग मी काय केलं? मी त्या नऊ छाप्यांच्या मध्ये दोन काटे पेरले. पोह्यावर शेव भुरभुरवतो तसे, अगदी हलक्या हातानं. मग वरती एका ठिकाणी सलग सहा काटे दिसले, तिथं एक छापा बसवला. असं करत करत सगळा कागद नीट भांग पाडल्यासारखा केला. थोडे छापे, थोडे काटे, कुठे गर्दी नाही, कुठे भांडण नाही. माझा खरा कागद मी असा सजवला, की तो आता खरा दिसायला लागला!

शनिवारी मॅडमनी सगळ्यांचे कागद घेतले. टेबलाशी उभ्या राहून एकेका कागदावरून नुसती नजर फिरवत त्यांनी दोन ढीग केले.

"हे ज्यांनी खरंच नाणं उडवलं त्यांचे," उजव्या ढिगावर हात ठेवून त्या म्हणाल्या. "आणि हे ज्यांनी घरी बसून मनानं लिहिलं त्यांचे."

डाव्या ढिगात सगळ्यात वर माझा कागद होता.

मी उभा राहिलो. "मॅडम, माझा अंगठा बघा! सुजलाय!"

"गुणाकरजी, तुमचं नाणं फार सभ्य आहे," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "दोनशे वेळांत एकदाही चारपेक्षा जास्त सलग एकसारखं पडलं नाही. खरं नाणं असं वागत नाही. खऱ्या नाण्याला लहर येते, ते कधी सात-आठ वेळा सलग छापा देतं. माणूस मनानं लिहायला बसला की त्याला त्या लहरीची भीती वाटते. तो लगेच मध्ये काटा घालतो."

आता सांगणार काय? की मॅडम, कागद खरा होता, तुम्ही संशय घ्याल म्हणून मी तो खोटा केला?

"पुढच्या शनिवारपर्यंत पुन्हा करून आणा," मॅडम म्हणाल्या. "नाहीतर अंतर्गत गुण शून्य. मग परीक्षेला बसता येणार नाही."

ए.सी. गेला! आणि ए.सी.चं एक वेळ सोडा, घरी आलो तर मधुवंती दिवाणावर पालथी पडून रडत होती. "मैत्रिणी म्हणून राह्यल्या, तुझे बाबा कॉपी करताना पकडले गेले! बाबा, कॉपी करायला होतं तरी काय त्याच्यात?"

लेकीचे डोळे सुजलेले पाहून मी निर्धार केला. या वेळी असं करायचं, की जगातला कुठलाही संशयी माणूस बोट ठेवू शकणार नाही. साक्षीदारांसमोर! उघड्यावर! सह्यांनिशी! सरकारी माणसाला पंचनाम्यासारखं दुसरं औषध नाही.

शुक्रवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि बस स्टँडवर प्रेमलालच्या चहाच्या टपरीशी जाऊन बसलो. तिथं माणसांचा तोटा नसतो. मलाजखंडची बस, उकव्याची बस, खैरलांजीची बस. एकही वेळेवर येत नाही, त्यामुळे साक्षीदार भरपूर आणि रिकामे.

शेजारच्या बाकावर एक म्हातारी पिशवी पायात धरून बसली होती. खैरलांजीकडची, शेवंताबाई नाव. मी कागद पुढे केला.

"मावशी, इथे सही कराल काय? साक्षीदार म्हणून."

"सही कायची?" तिनं पिशवी छातीशी घेतली. "जमिनीची तं नाई ना?"

"नाही हो. मी नाणं उडवतो, ते तुम्ही पाहिलं, एवढंच."

"नाणं तुमचं, उडवनार तुमी. मंग सही माही काहून?"

मी तिच्या जागी असतो तर अगदी हेच विचारलं असतं!

"सही गिही नाई करत," ती म्हणाली. "पन बस येवस्तोर पाहतो मी."

मी उडवायला सुरुवात केली. प्रत्येक वेळी नाणं सगळ्यांना दाखवून मोठ्यानं सांगत होतो. "काटा!" लिहिलं. "छापा!" लिहिलं. दहा मिनिटांत माणसं जमली. एक म्हणाला, मदारी आहे. दुसरा म्हणाला, निवडणूक आहे. उकव्याच्या खाणीत काम करणाऱ्या एका गड्यानं शेजाऱ्याशी समोशाची पैज लावली. मग तर प्रत्येक जणच पैज लावायला लागला! पैजा समोशावरून कचोरीवर गेल्या. मलाजखंडच्या एका बाबूनं तर आपली खिडकीची सीट पणाला लावली. प्रेमलाल कढईतून समोसे काढता काढता घामानं निथळत होता. "बाबूजी, रोज आया करो!" तो ओरडला.

सगळ्यात जोर शेवंताबाईला चढला होता. तिनं पिशवी खाली ठेवली, पदर खोचला आणि माझ्याऐवजी निकाल तीच जाहीर करायला लागली. "छापा पडला!" असा काही आवाज, की शेतातले बगळे उडावेत.

आणि नेमकी तेव्हाच नाण्याला लहर आली. छापा!

"छापा पडला!" शेवंताबाई.

पुन्हा छापा.

"फिर छापा पडला!" आता सगळी गर्दी ओरडली.

चौथा, पाचवा, सहावा! "छापा पडला! छापा पडला!" माणसं बाकावर चढून नाचायला लागली. मला तर आनंदानं भरून आलं होतं. लिही रे गुणाकर, मध्ये एकही काटा घालू नको!

सातव्या छाप्याच्या आरोळीबरोबर टपरीमागच्या पत्र्याच्या खोलीचं दार धाडकन उघडलं.

त्या खोलीत पत्त्यांचा अड्डा चालतो हे मला काय माहीत! आतून पाच-सहा माणसं तोफेतून सुटावीत तशी सुटली. एकाच्या पायात चप्पल नव्हती, एकाच्या तोंडात बिडी उलटी होती. एकजण हातातले पत्ते तसेच धरून उकव्याच्या बसमध्ये चढला आणि बस सुटली. ती बस इतिहासात पहिल्यांदा वेळेवर सुटली असेल. गर्दीला वाटलं, खरंच पोलीस आले. तीही पांगली. बाबूनं खिडकीची सीट सोडली, प्रेमलालनं कढई सोडली. एका मिनिटात बाकावर फक्त मी, माझा कागद आणि शेवंताबाई.

कोपऱ्यावरून शिपाई धावत आला. वीरेंद्र त्याचं नाव, ते नंतर कळलं. पळणाऱ्यांना तो काय विचारणार! न पळणारा माणूसच पोलिसांना जास्त संशयास्पद वाटतो.

"ए चाचा! छापा किसने बोला?"

"मी बोललो. पडला म्हणून बोललो."

"कब पड़ा?"

"आत्ताच. सलग सात वेळा!"

"सात बार?" त्याचा चेहरा पांढरा झाला. "चलो, चौकी चलो!"

आता पुढचं ऐका. त्या अड्ड्यावर पोलिसांनी त्याच दिवशी, अर्ध्या तासानंतर, खरोखरचा छापा टाकायचं ठरवलं होतं! महिनाभर पाळत ठेवून. कुणाला कानोकान खबर नव्हती. आणि मी भर बस स्टँडवर त्याची दवंडी पिटली होती.

चौकीचे साहेब गोंदियाच्या सीमेलगतच्या, पण आमच्याच जिल्ह्यातल्या गावचे असावेत. हिंदीत सुरू व्हायचे आणि राग आला की मराठीवर यायचे. माझ्याशी ते सुरुवातीपासूनच मराठीत बोलले.

"आज छापा आहे हे तुम्हाले कोणी सांगितलं?"

"कोणी नाही साहेब. आपोआप पडला."

"छापा आपोआप पडते?"

"नाणं नीट असलं तर निम्म्या वेळा पडतो."

साहेबांनी माझा कागद उचलला. भिंगातून पाहावं तसा पाहिला. "छा, का, का, छा, छा... हे टाइमटेबल आहे! छा म्हणजे?"

"छापा."

"अन् का?"

"काटा."

"काटा?" मागून वीरेंद्र दचकून म्हणाला. "किसको काटा?"

साहेबांनी त्याच्याकडे अशी नजर टाकली की तो भिंतीला चिकटला. "वीरेंद्र, आजच्या छाप्याचं तुले अन् मले, दोघांलेच माहीत होतं. मी तं कोणाले सांगितलं नाही."

"साहब, मैंने तो घर में भी नहीं बताया!" बिचारा रडकुंडीला आला. माझ्या गृहपाठापायी एका माणसाची नोकरी जायची वेळ आली होती! मी घाईघाईनं म्हणालो, "साहेब, याचा काही संबंध नाही. मी विद्यार्थी आहे!"

साहेबांनी कागद खाली ठेवला.

"कायचा विद्यार्थी?"

"कॉलेजचा. हा माझा गृहपाठ आहे."

साहेबांनी माझ्या टकलाकडे पाहिलं, मग मिशीकडे पाहिलं. "कोणत्या वर्षी नापास झाले?"

तेवढ्यात दारातून आवाज आला. "ओ साहेब! ह्या मानसाले सोडा!" शेवंताबाई! आपली खैरलांजीची बस सोडून म्हातारी चौकीत आली होती. "म्या सगडं पाह्यलं. हा चोर नाई. चोर एवढं लिहीत बसते काय? हा डोक्यानं जरासा गरीब हाय, बस."

माझ्या बाजूनं आलेली ही पहिली साक्ष होती. मी ती मुकाट्यानं स्वीकारली.

साहेबांनी फोन माझ्यापुढे सरकवला. "एक फोन करा. कोण ओळखते तुम्हाले विद्यार्थी म्हणून?"

मी देवश्री मॅडमना फोन लावला.

मॅडम स्कूटीवर आल्या, मागे मधुवंती. लेकीनं ओढणी डोळ्यांपर्यंत ओढून घेतली होती, पण चालीवरून मी ओळखलंच. मॅडमनी नमस्कार केला. साहेब जरा मवाळ झाले.

"मॅडम, हे तुमचे विद्यार्थी?"

"हो."

"भरवशाचा माणूस आहे?"

मॅडम खरं बोलणाऱ्या बाई.

"आता आहेत," त्या म्हणाल्या.

"आता म्हणजे? आधी नव्हते?"

"मागच्या वेळी त्यांनी आकडे थोडे मनानं लिहिले होते."

साहेब खुर्चीत पुढे सरकले. "असं! अन् नोकरी कुठं करता?"

"सरकारी खात्यात," मी पुटपुटलो. "आकडेच सांभाळतो."

"कायचे?"

"पावसाचे."

"तरीच!" साहेबांनी टेबलावर थाप मारली. "आमच्या गावात गेल्या साली धान उभं वाळलं, अन् पेपरात छापून आलं, पाऊस भरपूर! तो पाऊस तुम्हीच पाडला काय?"

"साहेब, मी पाडत नाही, फक्त लिहितो!"

हे उत्तर मला जास्तच गोत्यात घेऊन गेलं. पण मॅडमनी तोवर माझा कागद हातात घेतला होता, आणि त्यांचा चेहरा उजळला. "गुणाकरजी! सलग सात! हा कागद खरा आहे!"

"सात वेळा सलग छापा, अन् खरा?" साहेबांनी माझं नाणं उचलून दातांनी चावून पाहिलं. "नाण्यात गडबड आहे."

"मग तुमच्या खिशातलं काढा," मॅडम म्हणाल्या. "तुम्हीच उडवा. यांच्या साठेक वेळा राहिल्याच आहेत. सगळ्यांसमोर पूर्ण करू."

साहेब संशयानं उठले, संशयानं नाणं काढलं आणि संशयानं उडवलं. वीरेंद्र निकाल पाहायला वाकला, मी लिहायला बसलो. आधी काही विशेष घडलं नाही. मग काटा आला. पुन्हा काटा. तिसरा, चौथा, पाचवा! साहेबांच्या कपाळावर आठ्या पडल्या. सहाव्या काट्याला ते थांबले.

"वीरेंद्र, तू फुंक मारून राह्यला काय?"

"नहीं साहब! माँ कसम!"

"मागं सरक! भिंतीपाशी उभा राह्य!"

वीरेंद्र भिंतीपाशी गेला. नाणं वर गेलं, फिरलं, साहेबांच्या तळहातावर पडलं. काटा!

साहेब मटकन खाली बसले. आपल्याच खिशातलं नाणं, आपल्याच हातानं उडवलेलं, आपल्याच चौकीत! मॅडमनी त्यांना समजावून सांगितलं, अगदी मला वर्गात सांगितलं होतं तसं, आवाज न चढवता. माणसाला वाटतं, नाण्यानं आलटून पालटून पडावं. पण नाण्याला मागचं काही आठवत नाही. साहेब ऐकत राहिले. शेवटी हळूच म्हणाले, "म्हणजे मॅडम, एकाच गल्लीत सलग चार चोऱ्या झाल्या, तं ते एकाच चोराचं काम असंन असं नाही?"

"असेलही, नसेलही. तपासावं लागेल."

"तपासच तं नको असते," साहेब म्हणाले आणि पहिल्यांदा हसले.

दोनशे पूर्ण झाले. मी कागद पुढे केला. "साहेब, साक्षीदार म्हणून सही करता? आणि शिक्का?"

मधुवंतीनं ओढणीच्या आतून "बाबा!" असा आवाज काढला. पण साहेबांनी सही केली. शिक्का मारला. वीरेंद्रनं तर इतक्या आनंदानं सही केली की कागद फाटायचाच बाकी होता. शेवंताबाईनं या वेळी कागद उलटसुलट पाहिला, कुठे सातबारा-बितबारा दिसत नाही याची खात्री करून घेतली आणि अंगठा दिला. मग तिला खैरलांजीच्या पुढच्या बसमध्ये बसवून देण्याचं काम साहेबांनी वीरेंद्रवर सोपवलं. जाताना ती मला म्हणाली, "भाऊ, माहे तीन समोसे जिंकेल हायेत त्या खानवाल्याकडून. भेटला तं सांगजा."

अड्डेवाले मात्र एकही सापडले नाहीत. साहेबांनी मला दारापर्यंत सोडलं आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "गुणाकरजी, पुढचा गृहपाठ असंन तं आधी चौकीत कळवत जा."

मॅडमनी मला पैकीच्या पैकी गुण दिले! पोलिसांचा शिक्का असलेला गृहपाठ आपल्या हातात पहिल्यांदाच आला, असं त्या म्हणाल्या. मधुवंतीनं ओढणी खाली घेतली, थोडी हसलीही. ए.सी.खालची खुर्ची मला आता स्पष्ट दिसत होती. लेकीबरोबर रिक्षात बसून मी घरी आलो तो राजासारखा.

दारात सुनंदा उभी होती. शेजारपाजाऱ्यांनी बातमी आमच्याआधी पोचवली होती. एकीनं सांगितलं, जुगारात पकडले, दुसरीनं सांगितलं, पोलिसांचे खबरी निघाले. मला वाटलं, आता वादळ येणार. पण नाही! तिनं पाणी दिलं. जेवायला वाढलं. सगळी हकीकत शांतपणे ऐकून घेतली, शेवंताबाईच्या साक्षीला तर मनापासून हसली. बावा, बायको असावी तर अशी, असं माझ्या मनात आलं. तिनं ताटात दुसऱ्यांदा भात वाढला आणि विचारलं,

"चौकीत फोन करू दिला काय तुम्हाले?"

"हौ. एक."

"कोणाले केला?"

घास माझ्या हातातच राहिला. "देवश्री मॅडमला."

"मी घरीच होती," सुनंदा म्हणाली. "फोन माझ्या हातात होता. चार्जिंगही फुल होतं."

"अगं, तिथं विद्यार्थी असल्याचा पुरावा..."

"सव्वीस वर्षं झाली लग्नाले. माणूस पोलिसात सापडला, अन् पहिलं नाव आठवलं तं मॅडमचं!"

"सुनंदा, उगीच संशय घेऊ नको!" मी म्हणालो. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारत होतो, त्यामुळे नीट जमलं नसावं. मग मला वाटलं, शास्त्राचा आधार घ्यावा. गेल्याच रविवारी वर्गात झालेला धडा जिभेवर ताजा होता. मी बोट वर करून ठामपणे म्हणालो, "दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणजे लगेच निष्कर्ष काढायचा नसतो. आमच्यात सहसंबंध असला, तरी त्यामागे कारण असतंच असं नाही!"

सुनंदानं भाताचं भांडं खाली ठेवलं.

"म्हणजे सहसंबंध आहे," ती म्हणाली.

"बाबा," मधुवंती मोरीतून ओरडली, "आता तरी गप्प बसा!"

बसलो. तीन दिवस झाले, अजून बसलोच आहे!